एकोणचाळीसचा रुपया

कोपर, डोंबिवली (प.)
सोमवार, २ डिसेंबर २०२४

गुणाजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत घालशील, असं सुमती म्हणते. मी म्हटलं, बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस आहे, कागद उलटून बघितल्याशिवाय टाकणार नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून ठेवलायस, तेव्हा पोस्टाशिवाय रस्ता राहिला नाही. नऊ वर्षांनी पोस्टात गेलो. तिकीट अजून पाच रुपयांचंच आहे.

परवा शनिवारी तुझा विनीत आलेला. दार उघडलं तर समोर उंचापुरा माणूस. "पंढरीकाका, ओळखलंत का?" म्हणाला. ओळखणार नाही कसा? उजवा खांदा तुझ्यासारखाच पाडून चालतो. तुझा पैशांच्या बॅगेने पडला, याने तर आयुष्यात बॅग अडकवली नाही.

चहा झाला. तुझी सून ऐश्वर्या बरी आहे, मुलगी पहिलीत गेली, सगळं सांगून झालं. मग त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालात प्लास्टिकची पुडी आणि पुडीत तो. एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया.

गावी कलमांच्या बागेला चिऱ्याचा गडगा घालायचाय, रानडुकरं आत शिरतात, म्हणून तू तो विकायला पाठवलास म्हणे. विनीत नौपाड्यात काळुरामशेठच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात घेऊन गेला. शेठने बारा हजार सांगितले. विनीतने कुठेतरी वाचलेलं की हा रुपया लाखाच्या आसपास जातो, म्हणून त्याने विचारलं, एवढा फरक कसा? शेठ सरळ माणूस आहे, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "खरा असला तर जाईल लाखाच्या घरात. पण कल्याणला नाणी जमवणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये एका जाणकाराने सगळ्यांसमोर सांगितलंय, साल कोरून बदललंय म्हणून. अडतीसच्या आठाचा नऊ केलाय. तसं असेल तर नुसती हजार रुपयांची चांदी आहे. मी आपला मधला भाव सांगितला. त्या माणसाने शब्द मागे घेतला, तर माझा भाव वेगळा."

विनीतने विचारलं, कोण तो माणूस. शेठने माझा पत्ता दिला.

"तुमचं आणि बाबांचं फाटलं एवढंच मला माहीत होतं," विनीत म्हणाला. "यावरून फाटलेलं?"

मी सांगितलं, हो, यावरूनच. त्या दिवशी हॉलमध्ये उजेड कमी होता, माझा चष्मा जुना झालेला, माणसाची चूक होते. रुपया ठेवून जा, नीट बघून सांगतो. रुपया माझ्याकडे आहे असं त्याला कागदावर लिहून दिलं.

गुणाजी, उजेड कमीच होता. एक ट्यूब उडत होती, तुला आठवत असेल.

विमलावहिनींना नमस्कार.

पंढरी


कोपर
मंगळवार, १० डिसेंबर

गुणाजी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण रुपया तुझा आहे, त्याचं मी काय काय केलं ते तुला कळायला हवं.

सकाळी नऊला आमच्या गॅलरीत ऊन येतं. सुमतीच्या कुंड्या सरकवून स्टूल मांडतो, त्यावर पांढरा कागद, त्यावर तो. पेन्शनीत निघाल्यापासून सकाळ अशी छान गेलेली मला आठवत नाही. खाली भाजीवाला ओरडत असतो, सुमती आत रेडिओ लावते आणि मी डोळ्याला भिंग लावून बसतो.

पहिल्या दिवशी वजन केलं. नवा कोरा असताना हा अकरा ग्रॅम सहासष्ट भरतो. तुझा अकरा अठ्ठावन्न भरला. हातोहात फिरलेल्या रुपयाची एवढी झीज व्हायलाच हवी. ओतीव खोटा असता तर इथेच पकडला गेला असता.

मग कड. दाते सरळ, सारख्या अंतरावर. कडी लावून काढल्याची खूण नाही. बायकांच्या गळ्यातल्या माळेत राहिलेल्या रुपयांचे वरच्या बाजूचे दाते पुसलेले असतात आणि त्यांना भाव येत नाही, हे तूच मला शिकवलेलंस, खोपट डेपोच्या कॅन्टीनमध्ये. सुट्या पैशांच्या बॅगेतून निघालेली जुनी नाणी टेबलावर ओतायचास आणि चहा गार होईपर्यंत आपण बसायचो. मला हा नाद तुझ्यामुळे लागला.

साल मात्र मी तीन दिवस बघितलं. साल बदलणारा माणूस आठाच्या खालच्या गोळ्याची डावी बाजू खरवडतो, की झाला नऊ. पण खरवडलं की तिथली चांदी खोलगट होते, आणि रुपयावर वर्षानुवर्षं चढलेली काळसर निळी झाक तेवढ्या जागी तुटते. इथे झाक अखंड आहे. शिवाय या सालात नऊ दोनदा येतो. पहिल्या नवाला कुणी हात लावत नाही, तो टांकसाळीचाच असतो. शेवटचा नऊ त्याच्याशी ताडून बघायचा. शेपटीचा वळसा, डोक्याचा गोल, जाडी. मी पंचवीसदा तरी बघितलं असेल. जुळे भाऊ आहेत.

तेव्हा रुपया खरा आहे.

आता किंमत. पुढच्याच वर्षी सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, म्हणून जुन्या चांदीचा हा शेवटचा, आणि लोकांच्या हातात फार थोडे आले. राजाच्या मुकुटावरची नक्षी शाबूत आहे, कानावरचे केस थोडे घासलेत. तू त्याला कधी चिंच-रांगोळी लावली नाहीस, ते फार बरं केलंस. घासून लखलखीत केला असतास तर निम्मी किंमत गेली असती. वर्षभरातले लिलावांचे भाव काढले, कल्याणला दोघांना फोन करून विचारलं, सगळं एका कागदावर टिपलं. माझ्या मते नव्वद ते पंचाण्णव हजार. शंभरच्या वर सांगणारा विकणारा लोभी आणि ऐंशीच्या खाली मागणारा घेणारा लबाड.

विनीतला अजून कळवलं नाही.

सुमतीने काल विचारलं, "गुणाजीभावोजींना हा कुठे मिळालेला?" मी सांगितलं, कल्याणला एका सोनाराकडे. त्याने वितळवायला काढलेल्या मोडीच्या चांदीत तीस-चाळीस रुपयांचा ढीग होता. आम्ही दोघांनी तो चाळला, गुणाजीच्या हाताला हा लागला. चांदीच्या भावाने घेतला आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला.

"मग खरा आहे ना? त्या पोराला फोन का करत नाही?" ती म्हणाली.

म्हटलं, अजून खात्री करतोय.

पंढरी


कोपर
सोमवार, २३ डिसेंबर

गुणाजी,

हे पत्र एकदा लिहून फाडलं. हे दुसरं.

काल विनीत आला. तीन आठवडे झालेले, त्याचंही बरोबर आहे. म्हणाला, "काका, चिरेवाला अ‍ॅडव्हान्स मागतोय. तुम्हाला नक्की सांगता येत नसेल तर राहू दे, मी शेठला बारा हजारांना देऊन टाकतो."

आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यापेक्षा मीच पंधरा देतो. तुला फेऱ्या नकोत."

पोरगा खूश झाला. म्हणाला, "तुमच्याकडे राहतोय तर उत्तमच." तेवढ्यात सुमती पोह्यांच्या दोन बश्या घेऊन बाहेर आलेली. किमतीचा तो कागद दहा दिवस गॅलरीत स्टुलावर पडून होता, तिने वाचलेला असणारच. तिने एक बशी विनीतच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन परत आत गेली.

मी दाराच्या पडद्याकडे बघत राहिलो. विनीतने चमचा उचलला, खायला लागला, आणि माझ्या बशीची वाट बघून थांबला.

मी म्हटलं, "विनीत, हा रुपया खरा आहे. नव्वदच्या खाली कुणाला देऊ नकोस. मलापण नाही."

"मग आत्ता पंधरा का म्हणालात?"

"मला तो हवा होता म्हणून."

त्याने बशी खाली ठेवली. मग त्याला सगळं सांगितलं, आणि जे त्याला सांगितलं ते तुला लिहितोय. त्याने विचारलं, "बाबांना हे माहीत आहे?" मी म्हटलं, नाही, मीच कळवतो. रुपया त्याच्या हातात दिला. तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

हॉलमध्ये उजेड चांगला होता. सकाळचे साडेअकरा झालेले आणि मी खिडकीशी उभा होतो. उडत होती ती मागच्या भिंतीवरची ट्यूब. चष्मा नवा होता, त्याला महिनाही झाला नव्हता. भिंगातून बघितल्या बघितल्या मला कळलेलं की खरा आहे.

सोनाराकडे आपण दोघांनी ढीग चाळला, असं सुमतीला सांगितलं, तुलाही तसंच लिहिलं. तुला तर माहीत आहे. आधी मी एकट्याने चाळला, चांगली वीस मिनिटं. तू समोर पान खायला गेलेलास. मी हात झटकून सोनाराला सांगितलं, यात काही नाही. मग तू आलास, उभ्या उभ्या बोट घातलंस आणि हा काढलास. माझ्या बोटांखालून गेलेला रुपया. बसच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी, डेपोत मिस्त्री मिस्त्री करून सगळे मला बोलवायचे, आणि माझ्या डोळ्यांना दिसला नाही. रस पिताना तू हसत होतास. मला हसत नव्हतास, आनंदाने हसत होतास, तरी मला तो घोट उतरेना.

पुढच्या महिन्यात मीटिंगला तू तो आणलास. सगळे तुझ्याभोवती जमले. तू म्हणालास, "आधी पंढरीला बघू दे. तो सांगेल ते खरं." तू असं म्हणालास, आणि मी बघितलं आणि म्हटलं, "कोरलाय." एवढंच. मनात होतं, दोन मिनिटं सगळ्यांना गप्प करायचं आणि मग सांगायचं, मस्करी केली. पण विश्राम मोठ्याने हसला. तुझा चेहरा पडला. तू रुपया उचलून रुमालात बांधलास आणि हॉलच्या बाहेर गेलास, आणि मी तुझ्यामागे आलो नाही. नंतर दिवस जातील तसं बोलणं अवघड होत गेलं. तू मला फोन केलेलास त्या आठवड्यात, दोनदा. मी उचलला नाही. तू उचलत नाहीस असं मी सगळ्यांना सांगतो, पण पहिल्यांदा मी उचलला नाही.

माफी मागून काय होणार ते मला कळत नाही. मागतो.

पंढरी

ता. क. पोहे संध्याकाळी मिळाले. गरम करून दिले.


कोपर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

गुणाजी,

तुझं कार्ड तीस तारखेला आलं. 'पत्रात बोलून काय. कल्याणला बोललास, कल्याणला बोल.' खाली सही नाही. सुमतीने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "बरोबर बोलतायत भावोजी. मीटिंगचा पहिला रविवार पाच तारखेला आहे."

अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत गाडीखाली झोपून काम केलं, कधी कशाची भीती वाटली नाही, आणि सोळा-सतरा माणसांसमोर उभं राहायचं तर चार वाक्यं आरशासमोर पाठ करावी लागली.

हॉल तोच, त्या शाळेचा. विनीत रुपया घेऊन आलेला, मागे बसला. काळुरामशेठ ठाण्याहून आलेले. विश्राम होता. नव्या लोकांत नीरजाताई म्हणून आहेत, कल्याणच्या, सीए आहेत, बाई हुशार, भरपूर वाचलेल्या. नेहमीचं झालं, कुणी काय घेतलं, कुणी काय दाखवलं. मग मी उठलो.

पाठ केलेलं सगळं विसरलो. जे बोललो ते असं. "नऊ वर्षांपूर्वी इथे गुणाजीच्या रुपयाला मी कोरलेला म्हटलेलं. तो खरा होता. मला तेव्हाच माहीत होतं. मी जळून बोललो."

विश्राम खाली बघून म्हणाला, "मी हसलो म्हणून तर नाही ना?" मी म्हटलं, तुझा काही दोष नाही.

काळुरामशेठना मात्र राग आला. "मिस्त्री, नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो, पंढरीने बघितलाय म्हणून. माझ्या गल्ल्यावर बसून सांगितलं. तुम्ही मला खोटारडा ठरवलंत." मी ऐकून घेतलं. त्यांचं बरोबर होतं, आणि ते बोलले ते मला बरंच वाटलं.

मग नीरजाताईंनी विचारलं, अगदी शांतपणे, "काका, तेव्हा खोटा म्हणालात ते खोटं होतं. आज खरा म्हणताय. आजचा शब्द आम्ही कशावर धरायचा?"

घरून निघताना वाटलेलं की मी शब्द मागे घेतला की झालं. पण मागे घेतला म्हणजे शब्दच संपला ना. मग म्हटलं, "धरू नका. माझ्या पिशवीत काटा आहे, भिंग आहे. रुपया विनीतकडे आहे. मी बाहेर व्हरांड्यात बसतो. तुमचं तुम्ही बघा."

काय काय बघायचं ते मात्र सांगितलं. वजन, कड, झाक आणि दोन नऊ. अडतीसचा एक साधा रुपया माझ्याजवळ होता, तो शेजारी ठेवायला दिला. आणि बाहेर जाऊन बसलो.

पाऊण तास बसलो असेन. शाळेच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, दोनदा बॉल माझ्याकडे आला, दोनदा परत फेकला. आतून आवाज येत होते. एकदा शेठचा आवाज चढला. गुणाजी, खरं सांगू, तो पाऊण तास मला फार चांगला गेला. माझ्या हातात काही उरलं नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

विनीत बाहेर आला. म्हणाला, "या काका. सगळ्यांनी बघितला. सगळे खरा म्हणतायत." त्याच्यामागून शेठ आले, माझ्याकडे न बघता चष्मा पुसत होते. "वजन बरोबर आहे. मी ऐंशी देतो," एवढं बोलले आणि पायऱ्या उतरून गेले.

नीरजाताई म्हणाल्या, त्यांना तो स्वतःच्या संग्रहासाठी हवा आहे, पण लिलावांचे भाव बघून पंधरा दिवसांनी आकडा सांगतील. मी विनीतला सांगितलं, घाई करू नकोस, चिरेवाल्याला थांबव.

पंढरी


कोपर
बुधवार, २२ जानेवारी

गुणाजी,

काल सात वाजता फोन वाजला, तुझं नाव दिसलं आणि सुमतीनेच तो उचलून माझ्या कानाला लावला. फोनवर दोन-चार वाक्यंच झाली. म्हणून सौदा कसा झाला ते नीट लिहून कळवतो. तुझा रुपया, तुला सगळं कळायला हवं.

रविवारी मी आणि विनीत नीरजाताईंच्या घरी गेलो, कल्याणला. बाईंनी व्यवस्थित कागद काढून ठेवलेले. गेल्या दोन वर्षांत असे रुपये केवढ्याला गेले, त्यांची झीज किती होती, सगळं. म्हणाल्या, "पंचाण्णव देईन. हा त्याचा रास्त भाव आहे, वर मागू नका." माझ्या कागदावरचा वरचा आकडा तोच होता. विनीतने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवायची एवढंच बाकी होतं.

पण त्या दिवशी त्यांच्या टेबलावर खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि मला कडेवर काहीतरी दिसलं. राजाच्या मानेच्या खाली, काठावर. भिंग लावलं. बारीक टोला आहे, काठ जरा दबलाय, कधीतरी दगडावर पडला असणार. गॅलरीत इतके दिवस बघून तो माझ्या नजरेतून सुटलेला, हॉलमध्ये सोळा माणसांच्या नजरेतून सुटलेला, नीरजाताईंनाही दिसला नव्हता.

मी म्हटलं, "ताई, इथे बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "एक्क्याण्णव." मी म्हटलं, एक्क्याण्णव बरोबर आहे. पैसे तिथल्या तिथे तुझ्या खात्यात टाकले, विनीतने तुला मेसेज केला.

रिक्षात बसल्यावर विनीत म्हणाला, "काका, त्यांना दिसला नव्हता."

"माहीत आहे."

"चार हजार गेले."

"गेले," मी म्हटलं. "पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला दाखवताना त्यांना तो दिसला असता, मग त्यांनी तुझ्या बाबांचं नाव काय म्हणून घेतलं असतं?" तो हसला. उतरताना म्हणाला, बाबांना फोन करायला सांगतो.

तुझा फोन ठेवल्यावर सुमतीने विचारलं, काय काय बोलले, सगळं सांगा. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. की गुणाजीने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "भाव बरोबर मिळाला?" हे पहिलं वाक्य. मी टोल्याचं सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे चार हजार तू घालवलेस." मी हो म्हटलं. मग म्हणाला, "पंढऱ्या, तो खरा आहे हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. महिन्याभरात मुंबईला दोघांना दाखवलेला. दोघंही खरा म्हणाले." मी विचारलं, मग नऊ वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस? म्हणाला, "माझा रुपया, मी खरा म्हणणारच. त्याला काय अर्थ? तू बोलायला हवा होतास."

सुमतीने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता तुम्ही नका सुरू करू."

मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच वर्षी डोंबिवलीला येऊन चारचौघांत माझी कॉलर धरली असती. तू ते केलं नाहीस. का नाही केलंस ते विचारणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मी तो पंचवीस वर्षं फुकट वापरला.

पंढरी


कोपर
शनिवार, १ फेब्रुवारी

गुणाजी,

आता फोन चालू झाला तरी पत्र लिहायची सवय लागली. सुमती म्हणते, आता बास, दोघं बोला. पण हे एक पाठवतोच.

गुरुवारी खोपटहून सकाळच्या राजापूर गाडीने निघतो. दोघंही. रिझर्वेशन झालं. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली, गिअर कसा टाकतो ते ऐकू येईल. सुमतीने तुमच्यासाठी फडके रोडवरून काय काय आणलंय, त्याची पिशवी माझ्याकडे आहे, आणि ती पिशवी खाली ठेवायची नाही असा हुकूम आहे. चार दिवस राहू. चिरे येऊन पडलेत असं विनीत म्हणाला. मला वाकता येत नाही, पण ओळंबा धरता येतो, आणि गवंडी चुकला तर सांगता येतं.

काळुरामशेठना भेटून आलो, नौपाड्यात. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यांनी मला अर्धा तास उभं ठेवलं. मग चहा मागवला. कपाटातली तीन नाणी काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "बघा. पण तोंडाने काही बोलू नका, कागदावर लिहा आणि खाली सही करा." मी लिहिलं, सही केली. त्यांनी कागद वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला. राग अजून आहे. पण चहा पूर्ण कप होता.

परवा विमलावहिनींनी तुझ्या हातातून फोन घेतला, आठवतं ना? त्यांच्या माहेरच्या पेटीत चार रुपये निघालेत म्हणे, काळेकुट्ट, आईने ठेवलेले. "भावोजी, तुम्ही येताय तर बघून किंमत सांगा, विकायचे नाहीत, नुसतं कळू दे." त्यांना सांग, मी येईपर्यंत रुपयांना हात लावू नका. राखेने घासायचे नाहीत, फडक्यानेसुद्धा पुसायचे नाहीत. जसे आहेत तसे असू देत.

काटा आणतोय, भिंग आणतोय. ओटीवर सकाळचं ऊन कधी येतं ते बघून ठेव. रुपये मांडू आणि आपण दोघं समोरासमोर बसू. भिंग आधी तू घ्यायचंस. साल तू वाचायचंस, खरे-खोटे तू ठरवायचेस आणि किंमतही तूच सांगायचीस, वहिनींच्या समोर. तुझं पूर्ण सांगून होईपर्यंत मी बोलणार नाही. मग वाटलं तर मला विचार.

तुझा,
पंढरी